कालिंदी आत्याच्या गौरीचा फोटो

लालबाग,
५ जुलै २०२५

ती. कालिंदी आत्यास,
ओवीचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू माझ्यावरच ओरडतेस, म्हणून हे पत्र. लालबागहून गिरगावला पत्र धाडणारं अख्ख्या मुंबईत आता कोणी उरलं नसेल असं आमचे पोस्टमन म्हणतात. त्यांना म्हटलं, माझी आत्याही मुंबईत एकच आहे.

आत्या, मी गोत्यात आले आहे. मार्चमध्ये लोअर परळची नोकरी सोडून मी गौरीच्या साड्या शिवायला बसले ते तुला माहीतच आहे. निऱ्या, काष्टा, पदर सगळं शिवून तयार. घरी नेऊन नुसती नाडी बांधायची. नोकरीत असतानाच हौसेने शिवलेली अगदी पहिली साडी, हिरवी जांभळ्या काठांची, गेल्या वर्षी तुझ्या गौरीला नेसवली होती. तेव्हा उन्मेषदादाच्या फोनवर मी तिचा फोटो काढला आणि इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकला. लोक तोच फोटो बघून ऑर्डरी देतात.

आता ‘पावित्र्य पेहराव’ नावाच्या माहीमच्या एका ऑनलाइन दुकानाने तो फोटो जसाच्या तसा उचलला आणि आपल्या साडीचा म्हणून लावला. वर मीच त्यांचा फोटो चोरला अशी तक्रार ठोकली, आणि माझं पान बंद पडलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नुसती चरफडले असते. पण ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी दादरच्या एका महिला मंडळाचं प्रदर्शन असतं. त्यात स्टॉल मिळायला आपल्या कामाचा एक फोटो पाठवावा लागतो. मी तोच पाठवला आणि पावित्र्यवाल्यांनीही तोच! समितीच्या ऋताताईंनी दोघांनाही २६ जुलैला बोलावलं आहे. फोटो ज्याचा ठरेल त्याला स्टॉल, दुसऱ्याला कायमचा नारळ. तो स्टॉल गेला तर माझा सगळा सीझन गेला, आणि चोर म्हणून नाव होईल ते वेगळंच.

दादाने तो फोन देऊन नवीन घेतला. देताना सगळं नीट पुसून दिला म्हणे, तेवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात नीट केली. मूळ फोटोही त्यातच गेला. आता पुरावा म्हणजे ती साडीच, तेव्हा ती जपून ठेव, मी न्यायला येते. लोभ आहेच, त्यात थोडी घाई मिसळ.

तुझी,
ओवी

---

गिरगाव,
९ जुलै २०२५

चि. ओवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक धपाटा.

आशीर्वाद नेहमीचे. धपाटा यासाठी की माझ्या घरची गौर वर्षभर बाजारात उभी आहे आणि मला ते आता कळतंय! त्या माहीमकराने तुला विचारलं नाही म्हणून तू रडतेस, पण तू मला कधी विचारलंस गं? तुझ्या जागी माझी लेक मेघना असती तर चांगली फैलावर घेतली असती. तू भावाची लेक, म्हणून पत्रातच भागवते.

साडीचं विसर. गौरीची साडी माहेरवाशिणीला द्यायची आपली पद्धत, तशी ती मेघना नागपूरला घेऊन गेली. तिने ती उसवून लेकीला परकर-पोलकं शिवलं आणि उरलेल्या काठाचा उशीचा अभ्रा केला. फार छान झालाय असं कौतुकाने सांगत होती. आता मी तिला काय बोलू?

साक्षीला मी येते. गौर माझी, घर माझं, मी सांगेन ना सगळ्यांसमोर. गुडघे कुरकुरतात, पण टॅक्सीने दादर म्हणजे काही काशी नव्हे. आणि तो फोटो मला चांगला मोठा छापून पाठव. फोनच्या त्या खिडकीत मला गौर दिसत नाही, नुसता हिरवा ठिपका दिसतो.

जेवत जा वेळेवर. रागावले असले तरी माया आटलेली नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या,
कालिंदी

---

लालबाग,
१४ जुलै २०२५

ती. आत्यास,
ओवीचा कान धरून नमस्कार.

चुकलंच माझं. गौर तुझी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मी आपली साडी माझी एवढंच धरून बसले होते. यापुढे तुझ्या घरातल्या देवाचा काय, मांजराचाही फोटो न विचारता काढणार नाही.

फोटो मोठा छापून सोबत पाठवते आहे. तू मात्र दादरला येऊ नकोस. ऋताताईंना विचारलं, तर नातेवाइकांचा शब्द धरता येत नाही म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे, उद्या तोही दहा माणसं उभी करेल.

तो म्हणजे हेरंब. पावित्र्य पेहरावचा मालक. मी सरळ त्याला फोन केला. इतकं गोड बोलतो की राग धरणंच अवघड जातं. नेटवर असतं ते सगळ्यांचंच असतं ताई, असं त्याने मला समजावलं. मी आवाज चढवला तेव्हा त्याने पवित्रा बदलला, आणि गौर त्याच्या आईची, फोटो त्यानेच काढलेला, असं थंडपणे सांगून टाकलं. फोटोखाली त्याने मोठं थोरलं लिहिलंय: आमच्या घरच्या सोवळ्यातल्या गौरीचा साज, पुरणावरणाचा सात्त्विक नैवेद्य आणि मागे रिच मरून बॅकड्रॉप. साड्या विकायला बसलाय की पावित्र्य, कळत नाही.

खरं सांगू का आत्या, मी खचले आहे. ज्यांनी साड्या सांगितल्या होत्या त्यातल्या दोघी-तिघींनी नको म्हणून कळवलं. चोरीचं कानावर आलं असणार. ऑफिसातल्या मॅडमनी परत ये म्हणून निरोप पाठवलाय. एक तारखेपर्यंत जागा ठेवते म्हणाल्या. स्टॉल गेला तर मी जाणार. मशीनवर बसले की हात चालतो, पण प्रत्येक निरीला वाटतं की ही उद्या कोणाच्या नावावर जाईल.

तू मला एवढं सांग, की मी नोकरी सोडली तो वेडेपणा नव्हता. लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.

तुझी,
ओवी

---

गिरगाव,
१९ जुलै २०२५

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचलंस तर हसताना पडशील.

वेडेपणा वगैरे नंतर बघू. आधी फोटो समोर घे. साडी अगदी फक्कड दिसते आहे, निऱ्यांना तोड नाही. आता साडीवरून नजर काढ. तुला ते जमत नाही हीच तुझी गोम आहे, पण काढ. खाली गौरीच्या पायाशी बघ. केळीच्या पानावर काय वाढलंय?

मी भिंग लावून पाहिलं आणि इतकी हसले की शेजारची संघमित्रा धावत आली. अगं, चिंबोऱ्या! चिराबाजारच्या कोळणीकडून मी स्वतः निवडून आणलेल्या काळ्या, भरलेल्या चिंबोऱ्या. एका खेकड्याची नांगी पानाबाहेर आली आहे चांगली वीतभर. शेजारी वडे. तू सहा खाल्लेस, मी बघत होते.

आपली गौर तिखटाची. माहेरी आली की तिला हवं ते जेवू घालायचं, हे माझ्या सासूने मला घालून दिलं. पण गणपती पडला शाकाहारी, म्हणून नैवेद्य दाखवताना मध्ये पडदा धरायचा. हे तुला-मला माहीत. त्या हेरंबाला कुठून माहीत असणार? त्याचा तो रिच मरून बॅकड्रॉप म्हणजे आपला गणपतीपुढचा पडदा आहे बाई! पलीकडे बाप्पा बसलेत आणि अलीकडे सात्त्विक चिंबोऱ्या.

आता डोकं शांत ठेव आणि ऐक. तिथे गेल्यावर आधी तू तोंड उघडायचं नाहीस. त्या ऋताताईंना एवढंच म्हण, की साडी सोडून फोटोत आणखी काय आहे ते दोघांनाही विचारा. आणि पहिलं त्याला बोलू दे. गोड बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो थांबत नाही.

पुढच्या आठवड्यात श्रावण लागेल म्हणून रोज बाजार करते आहे. तुझ्या आठवणीने कालची कोलंबी जरा कमी गेली. खोटं कशाला बोलू, सगळी गेली.

धीर सोडू नकोस. माझा तुझ्यावर जीव आहे आणि तुझ्या टाक्यांवर भरवसा.

तुझी आत्या,
कालिंदी

---

लालबाग,
२७ जुलै २०२५

ती. कालिंदी आत्यास,
ओवीचा लोटांगण घालून नमस्कार!

जिंकलो, आत्या! स्टॉल माझा. आता सविस्तर.

मंडळाच्या ऑफिसात ऋताताई आणि समितीच्या आणखी तिघी होत्या. हेरंब कडक इस्त्रीचा कुर्ता घालून आला, सोबत आईला घेऊन. गौर जिची म्हणतोय ती आईच समोर बसली की पुढे कोण काय विचारणार, असा त्याचा बेत असावा. ती बिचारी आपल्याला कशाला आणलंय हे न कळून पर्स मांडीवर धरून बसली होती. सोबत म्हणून आलेल्या दादाने मला दोनदा पाणी पाजलं.

तू सांगितलंस तसंच केलं. ऋताताईंनी विचारलं आणि हेरंब सुटलाच. पानावर पुरणपोळ्या आहेत, वाटीत कटाची आमटी, कडेला केळफुलाची भजी, मागे स्टुडिओतला बॅकड्रॉप, आईने सोवळ्यात स्वयंपाक केला तेव्हा घरात कसा दरवळ सुटला होता, इथपर्यंत पोचला. समितीतल्या दोघी माना डोलावत होत्या. माझा जीव अर्धा झाला.

मग माझी पाळी. मी तो मोठा छापलेला फोटो पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवणार, तेवढ्यात हेरंबच्या आईनेच हात पुढे केला. मुलगा आपल्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक करतोय तर बघू तरी, असं तिला वाटलं असेल. तिने चष्मा लावला. ही आपली गौर नव्हे, आपल्या गौरीचे मुखवटे पितळेचे आहेत, असं आधी अगदी सहज सांगून टाकलं. हेरंब तिचा पदर ओढायला लागला. तिने त्याचा हात झटकला, फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि आत्या, त्या बाईचा चेहरा असा फुलला की मी माझी भांडणं विसरले.

चिंबोऱ्या आहेत ह्या, असं तिने सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. त्याही काळ्या आणि भरलेल्या. पुरणपोळ्या कसल्या, हे तर वडे. आणि मागचा तो गणपतीपुढे धरायचा पडदा. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, तिथे अगदी अशीच गौर जेवते. सासरी मात्र गौरीला कांदासुद्धा चालत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून तिने हे पान पाहिलेलं नव्हतं. सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला जवळ बोलावून विचारायला लागली की खोबरं निखाऱ्यावर भाजलं होतं का. श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी असलं बोलून पाप लावता, म्हणून समितीतल्या एक मालवणच्या बाई लटक्या रागावल्या, पण फोटो त्यांनीही सोडला नाही.

ऋताताईंनी आवाज न चढवता त्याला बाद केलं. तिथेच बसवून त्याच्या दुकानाच्या पानावरून तो फोटो हटवायला लावला, माझ्यावरची तक्रार मागे घ्यायला लावली. संध्याकाळी माझं पान परत सुरू झालं.

एक गंमत अजून राहिली. निघताना त्या समितीतल्या दोघी हळूच म्हणाल्या की आमच्याकडेही तिखटाचीच गौर. इतकी वर्षं एका मंडळात आहेत आणि एकमेकींना माहीतच नव्हतं!

आता तुझ्याकडे एक मागणं. स्टॉलवर लावायला मला तो फोटो हवा आहे. कापून नाही, पूर्ण. चिंबोऱ्या, वडे, पडदा सगळ्यासकट. तू हो म्हणालीस तरच लावीन, नाही म्हणालीस तर दुसऱ्या साडीचा काढीन आणि तुझ्यावर रुसणार नाही.

पत्राची वाट पाहते. माया आहेच, ती अशीच भरलेली राहू दे.

तुझी,
ओवी

---

गिरगाव,
३१ जुलै २०२५

चि. सौभाग्यकांक्षिणी आणि विजयी ओवीस,
पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा संघमित्राला मोठ्याने, आणि एकदा देवासमोर. माझा शब्द चालत नाही आणि त्याची आई चालते, हा कुठला न्याय, ते त्या ऋताताईंना एकदा विचारायचंय. पण त्या माउलीचं नाव काढलं तरी मला भरून येतं.

फोटोचं म्हणशील, तर दोन दिवस विचार केला. आमच्या मजल्यावर नवी माणसं राहायला आली, तेव्हापासून गौरीच्या दिवशी मी चिंबोऱ्या रटरटायला ठेवल्या की दार लावून घ्यायची. कोणी काही बोललं नव्हतं. पण नाक मुरडलं तर, देवाला असलं दाखवतात का म्हणून विचारलं तर, ही भीती. सासूबाई दार सताड उघडं टाकून रांधायच्या आणि मी लावून. मला स्वतःची लाज वाटली गं. गौर माझी, नैवेद्य माझा, आणि चोरी केल्यासारखी मीच.

तेव्हा लाव. पूर्ण लाव, नांगी दिसेल एवढा मोठा लाव. खाली लिही, गिरगावच्या तिखटाच्या गौरीचा साज. आणि साडी ओवीने शिवली आहे हे त्याहून ठळक लिही.

तू विचारलंस, याचं मला फार बरं वाटलं. ऑफिसातल्या मॅडमना पत्र मिळताच कळव, जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका म्हणावं.

माझ्या लोभाची काळजी करू नकोस, तो उतू जातोय.

तुझी आत्या,
कालिंदी

---

लालबाग,
१८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
पाय दुखत असलेल्या ओवीचा बसून नमस्कार. उभं राहवत नाही.

एकही साडी उरली नाही. प्रदर्शन संपायच्या आदल्या दिवशीच स्टॉल रिकामा. शेवटच्या दिवशी मी नुसती ऑर्डरी घेत बसले, त्यातल्या काही पुढच्या वर्षीच्या आहेत. मॅडम स्वतः आल्या होत्या. परत ये म्हणायला नाही, आपल्या वहिनीसाठी साडी न्यायला.

तुझा फोटो टेबलाच्या मागे दरवाजाएवढा लावला होता. पहिल्या दिवशी बायका लांबून बघायच्या, जवळ यायच्या आणि कानाशी येऊन सांगायच्या की आमच्याकडे पण असंच असतं हो. दुपारनंतर आवाज मोठे झाले. कोणाकडे कोलंबी, कोणाकडे मटण, परळच्या एका आजींकडे तर गौरीला सुक्या बोंबलाची चटणीच लागते. समोर गर्दी इतकी की शेजारचा उटण्याचा स्टॉल त्रासला. मधेच एक बाई नाक मुरडून गेल्या. मी घाबरले नाही, आत्या. त्यांना नमस्कार केला आणि पुढच्या बाईंचं माप घेतलं.

शेवटच्या संध्याकाळी हेरंब आईला घेऊन आला. आईने वेंगुर्ल्याच्या गौरीसाठी गुलबक्षी रंगाची साडी सांगितली, पाठवायचं काम मुलाचं. त्याने माफी मागितली, गोड न बोलता मागितली म्हणून खरी वाटली. नंतर चाचरत विचारलं की माझ्या साड्या माझ्याच नावाने त्याच्या दुकानात ठेवता येतील का, आणि सोबत हा फोटो लावला तर चालेल का. साड्यांचं गणपतीनंतर बघू म्हटलं. फोटो मात्र माझा एकटीचा नाही, असं सांगून त्याला तुझा पत्ता लिहून दिला. फोन चालणार नाही, पत्रच टाकावं लागेल, हेही सांगितलं. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. त्याने पोस्टाचं तिकीट कुठे मिळतं ते दादाला विचारलं.

यंदाच्या तुझ्या साडीचा रंग लवकर कळव. जीव लाव, तसा लावतेसच.

तुझी,
ओवी

---

गिरगाव,
२४ ऑगस्ट २०२५

चि. ओवीस,
शुभाशीर्वाद.

रंग राणी, काठ मोराचा. निऱ्या तुझ्या मनाने.

हेरंबाचं पत्र आलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण दोन पानं भरून लिहिलंय. कोणी शिकवलं कोण जाणे, वर ती. कालिंदीबाईंस सा. न. वि. वि. असंही घातलंय. माफी मागितली आहे, आईला त्या दिवसापासून माहेरची आठवण येते असं लिहिलंय, आणि शेवटी फोटो वापरू का म्हणून विचारलंय.

त्याला लगेच उत्तर टाकलं. फोटो मिळणार नाही, असं पहिल्याच ओळीत स्पष्ट कळवलं. ज्यांनी विचारून घ्यायचं तेव्हा विचारलं नाही, त्यांना नाही ऐकायची सवय लागायला हवी. आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं की गौरीच्या दिवशी आईला घेऊन आमच्याकडे जेवायला ये. कोळणीला सांगून ठेवलंय, यंदा चिंबोऱ्या जास्त लागतील. स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडं असेल, वास जाईल तिथवर जाऊ दे.

तू सकाळीच ये. लोभ मागू नकोस, जेवायला बस.

तुझी आत्या,
कालिंदी